पट्टीखालची तारीख

३ मार्च

वहिनी,

नमस्कार वगैरे काही लिहीत नाही. डावा हात प्लास्टरमध्ये आहे आणि उजव्यात जो काही जोर उरलाय तो पुढच्या मजकुरासाठी ठेवलाय. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर मी ओरडते, तू गप्प बसतेस आणि शेवटी मीच वाईट ठरते. कागदावर तुला उत्तर द्यावंच लागेल.

रविवारी सायकल घेऊन टेकडीवर गेले होते. उतारावर शेवटच्या वळणाला एक ट्रक रस्त्यात आडवा, मागे घेत होते. दोन्ही ब्रेक करकचून दाबले. पुढच्या ब्रेकचा खट्कन आवाज झाला, लिव्हर थेट हँडलला येऊन टेकली आणि चाक आपलं फिरतंच राहिलं. सायकल आडवी टाकली म्हणून ट्रकखाली गेले नाही. मनगट मोडलं, हनुवटीला चार टाके, पुढचा एक दात अर्धा. शाळेत खेळाच्या बाई बोबड्या बोलतात म्हणून सातवीचा वर्ग खूश आहे.

काल एका हाताने हँडलवरची पट्टी उलगडली. आत काय होतं सांगू? काहीच नाही. ब्रेकच्या तारेची नळी हँडलवर नुसती ठेवलेली. एकाही ठिकाणी चिकटपट्टीचा तुकडा नाही. नळीचं टोक लिव्हरच्या खाचेत बसलेलंच नव्हतं, कडेवर टेकून होतं. जोरात दाबल्यावर ते आत घसरलं आणि तेवढी तार सैल पडली. वहिनी, आमच्या बाबांच्या दुकानात बसून गेलेल्या मांजरालाही हे ठाऊक असेल. नळी आधी खाचेत दाबायची, मग लिव्हरजवळ, वळणावर आणि मध्याजवळ अशी तीन ठिकाणी चिकटपट्टीने आवळायची, आणि मगच वरची पट्टी गुंडाळायची. एकदा गुंडाळलं की आतलं कुणाला दिसत नाही. म्हणूनच ते मन लावून करायचं असतं.

ते हँडल दादाने स्वतःच्या हाताने बांधून दिलं होतं, सप्टेंबरात. नोव्हेंबरात तो गेला. जानेवारीत मी सायकल सर्व्हिसिंगला तुझ्याकडे पाठवली ती विश्वासाने. तू त्याने बांधलेलं उसकटलंस, आणि कंटाळा आला म्हणून वरवर गुंडाळून परत पाठवलंस. वरून कसं गुळगुळीत! आत सगळा आनंद.

दुकानाच्या जागेचा, बाबांनी केलेला भाडेकरार या महिन्याच्या एकतीस तारखेला संपतो. नव्या करारावर तुझ्याबरोबर माझीही सही लागते. मी ती करणार नाही. पाटीवर दादाचं नाव आहे. त्या नावाखाली कुणाचा जीव जावा अशी माझी इच्छा नाही. जागा मालकांना परत देऊन टाकू, आणि तू काय करायचं ते तू बघ.

दादाची बहीण


८ मार्च

वन्सं,

तुमचा जीव वाचला हे वाचून आधी पाणी प्यायले आणि मग चिडले. हाच क्रम होता, हे नोंदवून ठेवा.

जानेवारीत तुमच्या सायकलची दोन्ही चाकं सरळ केली, ब्रेकचे रबर बदलले, साखळी धुतली. हँडलच्या पट्टीला मी हात लावला नाही. मी ती उसकटली नाही आणि परत बांधलीही नाही. तुम्ही उलगडलीत ती जशी सप्टेंबरात बांधली होती तशीच होती.

याहून जास्त मला लिहायला लावू नका. झाकली मूठ असते, ती झाकलेली बरी.

सहीचं म्हणाल, तर दुकान सुटलं तर मी काय करायचं हे तुम्ही मला बघायला सांगितलंत. बघितलं. मला या एका कामाशिवाय दुसरं काही येत नाही, आणि वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ते दुसऱ्याच्या दुकानात जाऊन करायची माझी तयारी नाही. दुकान माझं आहे. करार तुमच्या बाबांचा असेल, काम माझं आहे.

हात गळ्यात बांधून ठेवा, खाली लोंबू देऊ नका. सूज चढते.

तुमची वहिनी (अजून तरी)


१२ मार्च

वहिनी,

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा.

तू हात लावला नाहीस म्हणजे मग दादाने तसं बांधलं, असंच म्हणायचंय ना तुला? सरळ म्हणायची हिंमत नाही म्हणून मूठ झाकतेस. माणूस गेला, त्याला उलटून बोलता येत नाही, मग टाका त्याच्या डोक्यावर!

आता माझं ऐक. इथले दातांचे डॉक्टर माझ्यासोबत रविवारी सायकल चालवतात. माझा अर्धा दात सध्या तेच पुरा करताहेत. सहा वर्षांपूर्वी त्यांची सायकल मीच दादाकडे पाठवली होती. सहा वर्षं ऊन, पाऊस, धूळ, आणि ते हँडल आजही हातात दगडासारखं घट्ट. आतली नळी केसभर हललेली नाही. माझं तोंड उघडं ठेवून ते परवा म्हणाले, ‘तुमच्या दादांच्या हाताला तोड नाही.’ तोंडात त्यांची हत्यारं होती आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना वाटलं दुखलं.

असं काम करणारा माणूस स्वतःच्या सख्ख्या बहिणीच्या हँडलला चिकटपट्टी लावायची विसरेल? तूच सांग. तू बावीस वर्षं त्याच्यासोबत राहिलीस. चहा आणून देणं, पंक्चरची बादली भरणं, गल्ला सांभाळणं, ते तू केलंस, नाही म्हणत नाही. पण त्याच्या हाताची कला तुझ्यात उतरली नाही, आणि ते मान्य करायचं सोडून तू त्याच्यावर चिखल उडवतेस.

जागामालकांना मी कळवलं आहे की माझी सही येणार नाही.

दादाची बहीण


१५ मार्च

वन्सं,

तुम्हीच मूठ उघडायला लावलीत. आता आत काय आहे ते बघा आणि मग रडू नका.

चहा आणि बादली! बावीस वर्षं दुकानात यायचात, पुढच्या बाकावर बसून दादाशी गप्पा मारायचात, आणि मध्ये आडोशाची ती लाकडी फळी होती. फळीच्या मागे मी बसायची. तिथे काय चालतं हे तुम्हाला कधी विचारावंसं वाटलं नाही. चहा फळीच्या मागून यायचा, म्हणून मागे चहाच होतो असं तुम्ही धरून चाललात.

तुमचा दादा चाकाचा माणूस होता. वाकडं चाक नुसतं फिरवून, डोळे मिटून, कुठला आरा आवळायचा ते सांगायचा. त्याला तिथे खरंच तोड नव्हती आणि मी त्याच्याकडूनच शिकले. पण हँडल त्याला जमायचं नाही. हँडलला चिकाटी लागते. नळी वळणावर उसळते, तिला अंगठ्याने दाबून धरून दुसऱ्या हाताने चिकटपट्टी फिरवावी लागते, आणि त्याच वेळी खाचेतलं टोक बाहेर येणार नाही हे बघावं लागतं. दुसऱ्या मिनिटाला तो शिव्या द्यायचा. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात त्याने एक हँडल माझ्या मांडीवर आपटलं आणि म्हणाला, ‘कर तूच.’ केलं. गिऱ्हाईक आलं, हात फिरवून बघितलं आणि म्हणालं, ‘वा, काय हात आहे तुमचा!’ दादाने मागे फळीकडे बघितलं. मी फळीच्या फटीतून बघत होते. मग म्हणाला, ‘आवडलं ना?’ तो खोटं बोलला नाही, वन्सं. खरंही बोलला नाही. पुढची बावीस वर्षं त्याने तेवढंच केलं.

मी का बोलले नाही? सुरुवातीला गंमत वाटली. मग वाटलं, बाईने बांधलंय म्हटल्यावर लोक सायकल उचलून चालू पडतील. मग सवय झाली. आणि नंतर बोलायचं म्हणजे त्याला सगळ्या गावासमोर खोटा पाडायचं. तेवढं मला जमलं नाही. त्याला मात्र माझं नाव न घेणं रोज जमलं. मी त्याच्यावर चिडलेली आहे, वन्सं. तो गेल्यापासून रोज सकाळी शटर उघडताना चिडते. गेलेल्या माणसावर चिडायला फार कष्ट पडतात, तो काही म्हणजे काही उत्तर देत नाही.

तुमचं हँडल त्याने केलं. सप्टेंबरात हाताला सूज होती, बोटं मिटत नव्हती, तरी म्हणाला, ‘माझ्या बहिणीची सायकल आहे, तू हात लावायचा नाही.’ दुपारभर फळीच्या मागे तो बसला आणि मी पुढे बाकावर. एकदा डोकावून मी म्हटलं, ‘अहो, चिकटपट्टी?’ तो म्हणाला, ‘मला शिकवू नकोस.’ मी मागे फिरले.

जानेवारीत सायकल आली तेव्हा ब्रेकचे रबर बदलले. माझाच नियम आहे, ब्रेकला हात लावला की हँडल उघडून बघायचं. पट्टीच्या टोकाखाली नख घातलं होतं. टोक त्याने तिरकं कापलं होतं, त्याला सरळ कधी जमलंच नाही. त्या बावीस वर्षांत त्याने बांधलेलं ते एकमेव हँडल होतं आणि त्याचं शेवटचं काम. उलगडायला हात धजावला नाही. लिव्हर दाबून बघितली, घट्ट लागली, आणि मी नख काढून घेतलं. तिथे मी चुकले. तुमचं मनगट माझ्या त्या नखामुळे मोडलं, हे मी कबूल करते. पण कला नव्हती म्हणून नाही.

तुमचा विश्वास बसणार नाही. मग त्या दातांच्या डॉक्टरांचं हँडल उघडा. माझ्या चिकटपट्ट्या पांढऱ्या कापडी असतात, जखमेवर लावतात तसल्या. काळ्या चिकटपट्टीचा डिंक उन्हाने वितळतो आणि नळी घसरते. दादा हसायचा, ‘हँडलला मलमपट्टी करतेस’ म्हणायचा. उजव्या वळणावरच्या पट्टीवर बॉलपेनने मी तारीख लिहिते, म्हणजे सायकल परत आली की नळी किती जुनी ते कळतं. माझं अक्षर आता तुमच्याकडे दोन पत्रं भरून आहे. ताडून बघा.

तुमची वहिनी


१९ मार्च

तुझं पत्र फाडून टोपलीत टाकलं. दादा असता तर तुझी ही लिहायची हिंमत झाली नसती. कुणाचंही हँडल मी उघडणार नाही. पुन्हा लिहू नकोस.


२६ मार्च

वहिनी,

उघडलं.

डॉक्टरांना म्हटलं, तुमच्या सायकलची पट्टी जुनी झालीय, नवी लावून देते. ते म्हणाले, एका हाताने? मी म्हटलं, तुम्ही धरा, मी उलगडते. त्यांच्या दवाखान्याच्या मागच्या व्हरांड्यात सायकल भिंतीला टेकवली. खरं तर मी तुला खोटं पाडायला गेले होते. काळी चिकटपट्टी निघेल, ती तुला पाकिटातून पाठवायची आणि वर चार शब्द सुनावायचे, असं सगळं मनात ठरलं होतं. ते चार शब्दही तयार होते. चांगले होते.

वरची पट्टी निघाली आणि आत पांढरं दिसलं. लिव्हरजवळ एक, वळणावर एक, मध्याजवळ एक. प्रत्येक पट्टीचं टोक जरासं आत दुमडलेलं, पुढच्याला नखाने धरता यावं म्हणून. दोन नळ्या शेजारी शेजारी, कुठेही एकमेकींवर चढलेल्या नाहीत. सहा वर्षांत पट्टीचा रंग पिवळट झालाय, बाकी काही नाही. उजव्या वळणावर बॉलपेनने लिहिलेलं होतं:

‘१२ जून, मंगळवार. कंबर दुखते.’

डॉक्टरांनी मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, ‘दादांची कंबर दुखायची का हो?’

मी घरी आले. टोपली अजून रिकामी केली नव्हती. तुझ्या पत्राचे तुकडे जेवणाच्या टेबलावर लावत बसले. एका तुकड्यावर ‘मंगळ’ नव्हतं, पण ‘मनगट’ होतं, आणि तो ‘म’ तोच होता, खालून पाय ओढणारा. ‘दुख’ मात्र कुठेच सापडलं नाही. ‘त्यांना वाटलं दुखलं’ असं मी तुला लिहिलं होतं, पण तुझ्या पत्रात तो शब्द एकदाही नाही. बावीस वर्षं तू तो हँडलच्या आतच लिहीत आलीस.

मला राग आलाय. कुणाचा हे ठरवता येत नाही. दादाचा तर आलाच आहे. मी त्याला गावभर मिरवलं. ‘माझा दादा, माझा दादा’ करत डझनभर सायकली दुकानात पाठवल्या, आणि प्रत्येक वेळी तो माझ्यासमोर हसून ‘आवडलं ना?’ म्हणाला. माझ्यासमोरसुद्धा! मी काय गिऱ्हाईक होते? त्याने सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, हे मात्र मी स्वतःला विचारून पाहिलं. हसले असते बहुतेक, आणि विश्वास ठेवला नसता. तेव्हा माझाही राग आलाय.

आणि तुझाही आलाय, तो सोडलेला नाही. सप्टेंबरात ‘मला शिकवू नकोस’ म्हटल्यावर तू मागे फिरलीस. तिथे उभी राहून भांडली असतीस तर माझा दात शाबूत असता. त्यामुळे माफी मी अर्धीच मागते. दातही अर्धाच गेलाय.

करारावर सही करून कागद सोबत पाठवलाय. जागामालकांना पत्र लिहून आधीचं रद्द केलंय, त्यांनी मला विक्षिप्त बाई समजायला सुरुवात केली आहे. सायकल उद्या मालाच्या गाडीने निघेल. दादाची पट्टी पूर्ण काढून टाकली आहे, हँडल उघडं आहे. ती पट्टी मी ठेवून घेतली. तिरकं कापलेलं टोक मी बघितलं. तू खरं सांगत होतीस.

एकच अट. ती लाकडी फळी काढ.

तुझी नणंद


१४ एप्रिल

वन्सं,

अट आवडली नाही. सहीबरोबर अटी घालायची तुमच्या घराण्याची खोड आहे. पण फळी काढली. सुताराला बोलावलं नाही, हातोडी घेऊन स्वतःच काढली, आणि त्या दिवशी बरंच काही तोंडाने बोलून घेतलं. समोरच्या औषधवाल्याने दुकानातून बाहेर येऊन विचारलं, काय झालं. म्हटलं, साफसफाई.

आता मी रस्त्यावरून दिसते. पहिल्या दिवशी दोन गिऱ्हाइकं मला बघून पायरीवरच थांबली. एकाने विचारलं, ‘हँडल कोण बांधणार?’ मी म्हटलं, ‘जिने मागच्या वेळी बांधलं होतं तीच.’ तो सायकल घेऊन निघून गेला. जाऊ दे. परवा परत आला. तोंड वाकडं होतं, पण हँडल त्यापेक्षा वाकडं होतं.

दादाची पाटी उतरवलेली नाही. चाकं त्याची होती, त्याचा तेवढा मान त्याला. तुम्ही पट्टी ठेवून घेतलीत ते बरं केलंत, माझ्याकडे असती तर मी रोज तिच्याशी भांडले असते.

माझी चूक आणि तुमची चूक तोलायला बसलो तर हा करार पुन्हा संपेल. त्यापेक्षा प्लास्टर निघालं की या. येताना तोंड फुगवून यायचं असेल तर तसं या, पण बसायचं आतल्या बाजूला, माझ्या शेजारी. एक हँडल तुम्हाला स्वतःच्या हाताने करायला लावणार आहे. दुसऱ्या मिनिटाला तुम्हीही शिव्या द्याल, घराणं तेच आहे.

तुमची सायकल आज पाठवली. पुढची नळी नवी घातली आहे. टोक खाचेत बसल्याचा आवाज ऐकला, तीन ठिकाणी चिकटपट्टी लावली, तुमच्या हँडलला चौथीही लावली. त्याची गरज नव्हती. ब्रेक मी दुकानापुढच्या उतारावर स्वतः बसून सात वेळा दाबून बघितला आहे, औषधवाला साक्षीला.

उजव्या वळणावर आजची तारीख आहे. दुखण्याचं या वेळी काही लिहिलं नाही. तारखेपुढे माझं नाव लिहिलंय, पूर्ण.

वहिनी